उचल कुणी दिली होती, अण्णा?

मागच्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांनी एक फॉरवर्ड टाकला. अण्णा म्हणजे माझे वडील, वय 76. त्यांचे फॉरवर्ड गुडघेदुखी, मेथीचं पाणी आणि संतवचनं यांच्यापलीकडे सहसा जात नाहीत, म्हणून मी न उघडताच अंगठा दाखवून मोकळी होते. हा उघडला, कारण खाली माझ्या भाचीने विचारलं होतं, "आजोबा, हे मी वक्तृत्व स्पर्धेला घेऊ का?" आणि अण्णांनी लिहिलं होतं, "घे बाळा. चांगली माहिती आहे."

चांगली माहिती अशी होती. वर एक विमानातून काढल्यासारखा फोटो, मधून वाकडीतिकडी रेघ, डावीकडे तपकिरी, उजवीकडे हिरवं. खाली मजकूर (शुद्धलेखन मी सुधारलंय, बाकी त्यांचंच):

"एकच बेट, दोन देश. डावीकडे हैती, उजवीकडे डोमिनिकन रिपब्लिक. हवा तीच, माती तीच. मग एक उजाड आणि एक हिरवा का? कारण माणसं! हैतीचे लोक आळशी, जादूटोणा करणारे. 1804 मध्ये त्यांनी आपल्या मालकांना कापून काढलं, तेव्हापासून त्या देशाला शाप आहे. शेजाऱ्याला त्यांनी 22 वर्षं गुलाम केलं. आता स्वतःचं संपलं म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं शेजारी घुसतात. बायका बाळंतपणाला जातात, मूल झालं की नागरिकत्व! निम्मा देश त्यांनी भरला. 1937 मध्ये तिथल्या एका कडक नेत्याने आठवडाभरात बंदोबस्त केला होता. आता भिंत बांधावी लागतेय. जागे व्हा, पुढे पाठवा."

राग कशाचा आला ते आधी सांगते. अण्णा 31 वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात, शेतकी खात्यात होते. दर पावसाळ्यात पाथर्डी, शिरूर कासार, पाटोदा या भागात जाऊन मुकादमांशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांशी, करार करायचे, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटायचे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. बैलगाडीत सगळा संसार, वर बांधलेल्या कोंबड्या, बायकांच्या कडेवर पोरं. आमच्या क्वार्टरमागच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पहाटे तीनला फडाकडे निघालेल्या गाड्यांच्या घुंगरांनी आम्हाला जाग यायची. ही माणसं आळशी आहेत म्हणून गाव सोडून आली, असं कुणी म्हणालं असतं तर अण्णांनी त्याला चहा न विचारता वाटेला लावलं असतं. आणि त्याच अण्णांना कॅरिबियन समुद्रातले ऊसतोडे ओळखू आले नाहीत. येणार कसे? अख्ख्या फॉरवर्डमध्ये ऊस हा शब्दच नाही. हैतीच्या स्थलांतराची गोष्ट ऊस गाळून सांगितली की रस दुसरीकडे जातो आणि आपल्या हातात चिपाड येतं.

तर एकेक घेते. सोपं आधी.

"निम्मा देश भरला." डोमिनिकन रिपब्लिकच्याच राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2017 मध्ये स्थलांतरितांची देशव्यापी पाहणी केली. हैतीत जन्मलेले लोक निघाले 4,97,825. त्यांची तिथेच जन्मलेली मुलंबाळं धरली तर साडेसात लाखांच्या आसपास. त्या वेळची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. म्हणजे शंभरात सात-साडेसात. आकडा जुना आहे, 2021 नंतर हैतीत जे झालं त्याने तो वाढला असणार, हे मी मान्य करते. पण निम्मा देश म्हणजे पन्नास-पंचावन्न लाख माणसं. एवढी माणसं मोजणाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि मोजणारं सरकार हैतीवाल्यांच्या प्रेमात आहे असंही कुणी म्हणणार नाही.

याच पाहणीत पुढचं उत्तरही आहे. ही माणसं करतात काय? साधारण एक तृतीयांश शेतीत, एक चतुर्थांश बांधकामावर, बाकीचे बरेचसे किरकोळ विक्रीत आणि घरकामात. आळशी माणसं परक्या देशात जाऊन भर उन्हात केळीच्या बागेत नि स्लॅबवर कशाला मरतील, हा प्रश्न फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पडला नाही.

आता ऊस. अण्णा, हे तुमच्यासाठी आहे, चष्मा लावून वाचा.

1915 मध्ये अमेरिकेचे नौसैनिक हैतीत उतरले आणि 1934 पर्यंत तिथेच राहिले. शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्येही ते 1916 ते 1924 होते. म्हणजे काही वर्षं अख्खं बेट एकाच धन्याच्या हाताखाली होतं. पूर्व भागातल्या सपाट जमिनीवर, सान पेद्रो दे माकोरिस आणि ला रोमानाकडे, अमेरिकन भांडवलाचे साखर कारखाने फोफावले. तिथला शेतकरी त्या मजुरीत ऊस तोडायला तयार होईना. हैतीत जमिनीचे तुकडे पडलेले आणि हात रिकामे. मग माणसं आणली. आणली म्हणतेय मी, आली नव्हे. बोटीने आणली, ट्रकने आणली, सीमेवरून चालवत आणली.

पुढे डोमिनिकन हुकूमशहा राफाएल त्रुहियोने कारखान्यांपैकी बहुतेक स्वतःच्या खिशात घातले आणि 1952 मध्ये दोन सरकारांचा रीतसर करार झाला. 1966 मध्ये नवा. या हंगामाला इतके हजार तोडणी मजूर, आणि त्यांच्यामागे हैतीच्या सरकारला इतके पैसे. आपल्याकडे मुकादम असतो ना, तिकडे मुकादम होतं खुद्द हैतीचं सरकार. 1957 पासून म्हणजे हुकूमशहा दुवालिए बापलेक. माणूस फडात उभा राहण्याआधीच त्याच्या डोक्यावरचे पैसे राजधानीत पोचलेले असायचे. फरक एवढाच की आपल्या मुकादमाकडून उचलीतलं थोडं तरी कोयत्याच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडीच्या, हातात पडतं.

हंगामाला तिकडे साफ्रा म्हणतात, कोप्यांच्या वस्तीला बातेय. लांबट बराकी, एका खोलीत पाच-सहा जण, पाणी लांब, वीज नाही. मजुरी टनावर, काटा कारखान्याचा. काटामारीबद्दल मी अण्णांना काय सांगणार! रोख पैशाऐवजी पुष्कळदा चिठ्ठी मिळायची, ती बातेयच्या दुकानात वटवायची, आणि दुकानदार त्यातलेही काही टक्के कापून माल द्यायचा. हंगाम संपल्यावर परत जाण्याइतके पैसे गाठीला उरले नाहीत की माणूस तिथेच राहायचा. नव्याने आलेल्याला 'काँगो' म्हणायचे, मुरलेल्याला 'व्हिएहो', म्हणजे म्हातारा. मुरायला फार वर्षं लागत नसत.

यातली 1986 ची गोष्ट मला सगळ्यात अस्सल वाटते. त्या हंगामाच्या मजुरांचे पैसे डोमिनिकन बाजूने दुवालिएच्या सरकारला देऊन झाले होते. 7 फेब्रुवारीला धाकटा दुवालिए विमानात बसून फ्रान्सला पळाला. उचल बुडाली, टोळी आलीच नाही, ऊस फडात उभा. मग डोमिनिकन लष्कराने काय केलं? देशात इतरत्र काम करणारे हैतीचे लोक रस्त्यावरून, भातशेतांतून पकडले आणि ट्रकमध्ये घालून ऊस तोडायला नेले. ज्याला घुसखोर म्हणायचं त्यालाच बंदुकीच्या धाकाने कामाला जुंपायचं, हे त्या एका हंगामात उघडं दिसलं.

साखरेचा धंदा नंतर बसला, सरकारी कारखाने 1999 मध्ये खासगी हातांत गेले, पण भरतीची वाट तशीच राहिली. आता ती वाट केळीच्या बागांकडे जाते, वायव्येकडच्या भातखाचरांकडे, डोंगरातल्या कॉफीकडे, पुंता कानाच्या हॉटेलांच्या पायाभरणीकडे. तिथल्या कामगार कायद्यात लिहिलंय की दर शंभर कामगारांत ऐंशी डोमिनिकन असलेच पाहिजेत. शेतीत आणि बांधकामावर हा नियम कसा पाळतात ते बघायला कुठल्याही केळीच्या बागेत जावं. सरकार पकडून पाठवतं, बागायतदार मजूर नाहीत म्हणून ओरडतात, आठवड्याने तोच माणूस शिपायाच्या हातावर पैसे ठेवून परत येतो. दोन्हींकडून धंदा.

पण उचल ही एकाच बाजूची गोष्ट झाली. माणूस उचल घेतो, कारण घरी भागत नाही. पाटोद्यात पाऊस नाही म्हणून घेतो. हैतीत का घेतो?

पाऊस आहे की हैतीत. आर्तिबोनित नदीचं खोरं भाताचं कोठार होतं. 1980 च्या सुमारास हैती आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. 1995 मध्ये, अमेरिकेच्या आणि आंतरराष्ट्रीय सावकारांच्या दबावाखाली, तांदळावरचं आयातशुल्क 3 टक्क्यांवर आणलं गेलं. अमेरिकेचा अनुदानावर पिकलेला तांदूळ धो धो आला. आर्तिबोनितच्या शेतकऱ्याला त्या भावात रोपंही लावता येईनात. हे माझं राजकारण नाही. त्या वेळचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 2010 च्या मार्चमध्ये अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे स्वतःच कबूल केलं, की या धोरणाने आर्कान्साच्या (हे त्यांचं राज्य) माझ्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण ती चूक होती, आणि हैतीने भात पिकवण्याची ताकद गमावली त्याचं ओझं रोज माझ्यावर आहे. चूक कबूल झाली, भात काही परत आला नाही.

त्याआधी डुकरं गेली होती. हसू नका. हैतीतल्या शेतकऱ्याची काळी गावठी डुकरं म्हणजे त्याची बँक. लग्न, मयत, शाळेची फी, सगळं डुक्कर विकून. आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ आली आणि 1982-83 मध्ये अमेरिकेच्या आग्रहाने देशातली झाडून सगळी गावठी डुकरं मारली. बदल्यात आयोवाची गुलाबी डुकरं दिली, ज्यांना सिमेंटची फरशी, छप्पर आणि विकतचं खाद्य लागे. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं चार पायांचे राजपुत्र. एका रात्रीत आपल्या गावातल्या शेळ्या नाहीशा झाल्या तर कोरडवाहू बाईचं काय होईल, तेवढी कल्पना करा.

मग 12 जानेवारी 2010 चा भूकंप. 15 लाख माणसं बेघर. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलरा, जो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या मैल्यातून नदीत उतरला; आठ लाखांवर आजारी, दहा हजारांच्या जवळपास मृत्यू, आणि माफी यायला 2016 चा डिसेंबर उजाडला. 2021 च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष झोव्हनेल मोईझ यांचा घरात घुसून खून. 2024 मध्ये टोळ्यांनी (या बंदूकवाल्या टोळ्या, आपल्या नव्हेत) तुरुंग फोडून हजारो कैदी सोडवले, विमानतळ बंद पाडला, आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग त्यांच्या ताब्यात गेला. त्यांच्या बंदुका येतात मुख्यतः अमेरिकेतून. हैतीत बंदुकीचा कारखाना नाही.

आता फॉरवर्ड म्हणतो, "कुटुंबंच्या कुटुंबं शेजारी घुसतात." 2025 च्या मध्याला हैतीत घर सोडावं लागलेल्या माणसांचा आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचा आकडा 13 लाखांच्या आसपास होता. ही सगळी देशातल्या देशात हललेली माणसं. कुणी शाळेच्या वर्गात पथारी टाकून, बहुतेक गावाकडच्या मावशी-काकांकडे. एका खोलीत आधीच सहा, त्यात आणखी सात. सीमा ओलांडायलाही दलालाला द्यायला पैसे लागतात. आणि जे ओलांडतात त्यांत बहुतेक वेळा आधी एकटा पुरुष असतो. त्या 2017 च्या पाहणीतही पुरुषच जास्त होते. तो दोन-तीन हंगाम काढतो, खोली बघतो, मग बायको येते, मग पोरं. कधी आधी बाईच जाते. फिरत्या व्यापारी बायांना हैतीत मादान सारा म्हणतात. डोक्यावर ओझं घेऊन बाजारहाट करणारी ही बाई एखादी वाट कायमची धरते.

बाळंतपणाच्या मुद्द्यावर मला जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण हा मुद्दा पूर्ण खोटा नाही आणि म्हणूनच जास्त विषारी आहे.

खरं काय? गेल्या काही वर्षांत डोमिनिकन सरकारी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी तिसरा हिस्सा हैतीच्या बायकांचा होता. हो. आकडा मोठा आहे, तिथल्या डॉक्टर-नर्सवर ताण आहे, आणि डोमिनिकन बाई रांगेत उभी राहून कुरकुरली तर मी तिला वाईट म्हणणार नाही. पण हा तिसरा हिस्सा सरकारी रुग्णालयांतला आहे. ऐपत असलेली डोमिनिकन बाई खासगीत जाते, हैतीची मजुरीण कुठे जाणार? आणि त्यांतल्या किती तरी जणी वर्षानुवर्षं तिथेच राहताहेत. नवरा बागेत, ही धुणंभांडी करते, मूल दुसरीकडे कुठे होईल? सीमा ओलांडून खास बाळंतपणाला येणाऱ्याही आहेत. का येणार नाहीत? अमेरिका खंडांत बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण सर्वांत वाईट हैतीत आहे. राजधानीचं सगळ्यात मोठं सरकारी रुग्णालय टोळ्यांमुळे बंद पडलं होतं. 24 डिसेंबर 2024 ला ते पुन्हा उघडत असताना तिथेच गोळीबार झाला आणि दोन पत्रकार व एक पोलीस मेले. कळा सुरू झालेली बाई अशा वेळी नकाशा बघत नाही.

आणि "मूल झालं की नागरिकत्व"? हे धडधडीत खोटं. 2010 च्या संविधानाने कागद नसलेल्या आईबापांच्या मुलाला तिथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही हे स्पष्ट केलं. परदेशी आईच्या बाळाला रुग्णालयातून गुलाबी रंगाचा वेगळा दाखला मिळतो, नागरिकाचा नव्हे. त्याहून पुढची गोष्ट ऐका. 23 सप्टेंबर 2013 ला तिथल्या संविधान न्यायालयाने 168-13 क्रमांकाचा निकाल दिला. हुलियाना देगिस पिएर नावाची तरुणी, जन्म तिथला, जन्मदाखला तिथला, आईबाप हैतीचे ऊसतोडे. ओळखपत्र काढायला गेली. न्यायालय म्हणालं, तुझे आईबाप देशातून फक्त जाता जाता थांबलेले होते, त्यामुळे तू नागरिक नाहीसच. आणि हा नियम मागे 1929 पर्यंत लागू केला. ज्यांना सरकारनेच करार करून, पैसे मोजून आणलं, ते जाता जाता थांबलेले! दोन लाखांच्या आसपास माणसं एका निकालाने कुठल्याच देशाची राहिली नाहीत. जगभर ओरड झाल्यावर 2014 मध्ये कायदा करून काहींना मार्ग दिला, पुष्कळांना कागदांच्या जंजाळात सोडलं. म्हणजे फॉरवर्ड म्हणतो मूल झालं की नागरिकत्व मिळतं, आणि प्रत्यक्षात पन्नास-साठ वर्षांच्या माणसांचं होतं ते गेलं.

एप्रिल 2025 पासून तर 33 सरकारी रुग्णालयांत कागद दाखवा असा नियम आला. उपचार करतात, पण कागद नसले तर बाळंतिणीला बरं वाटताच थेट सीमेकडे. याचा परिणाम ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. बायका रुग्णालयात जाणं टाळतात. आपल्याकडे ऊसतोडीतली बाई फडाच्या कडेला बाळंत झाल्याच्या बातम्या वाचून अण्णा किती दिवस अस्वस्थ असायचे, ते मला आठवतं.

फोटोबद्दल थोडक्यात. फोटो खरा आहे. सीमेच्या काही भागात तसंच दिसतं, आणि हैतीतलं मूळ जंगल जवळजवळ संपलं हेही खरं. पण "हवा तीच" हे खोटं: पावसाचे वारे पूर्वेकडून येतात, मधले डोंगर ते अडवतात, त्यामुळे पश्चिमेच्या हैतीत पाऊस तुलनेने कमी. महोगनीची किमती झाडं आधी फ्रेंच मालकांनी आणि मग कर्जफेडीसाठी (ते कर्ज पुढे येतंच) हैतीने विकली. आज चुलीत कोळसा, कारण गॅस परवडत नाही. पलीकडे सरकारने 1967 मध्ये झाडतोड बंद केली आणि पुढे स्वयंपाकाच्या गॅसला अनुदान दिलं. अनुदानाचा सिलिंडर मिळाला तर माणूस हिरवा होतो, एवढंच त्या फोटोतून सिद्ध होतं. आणि हैतीत "फक्त दोन टक्के झाडं" उरली असं नेहमी सांगतात, त्यावर जाऊ नका, उपग्रहाच्या चित्रांवरून झालेल्या अभ्यासात हैतीवरचं वृक्षाच्छादन तीस टक्क्यांच्या आसपास निघालं आहे.

जादूटोणा, शाप. यावर मी शब्द खर्च करणार नाही. भूकंपानंतर एका अमेरिकन टीव्ही-धर्मगुरूने हेच म्हटलं होतं, की हैतीने सैतानाशी करार केला. करार झाला होता खरा, पण फ्रान्सशी. 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाला, जगातलं गुलामांनी स्वतः लढून उभं केलेलं पहिलं राष्ट्र. त्या वर्षी उरलेल्या गोऱ्यांची कत्तल झाली, बायकामुलांसह, हे झाकायचं कारण नाही. त्याआधी त्या एका फ्रेंच वसाहतीत पाच लाख गुलाम चाबकाखाली होते हेही झाकू नये. 1825 मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं बंदरासमोर उभी केली आणि म्हणाला, आमची मालमत्ता गेली, 15 कोटी फ्रँक द्या. मालमत्तेत कोण? तीच माणसं. पहिला हप्ता 3 कोटींचा. तो भरायला पॅरिसच्याच बँकेकडून 3 कोटींचं कर्ज, त्यातून बँकेने 60 लाख आधीच कापून घेतले. पुढे मूळ रक्कम 9 कोटी केली, पण या कर्जांचं शेपूट 1947 पर्यंत चाललं. कॉफीच्या पोत्यामागे कर लावून सव्वाशे वर्षं. सावकाराने घर धुऊन नेलं आणि शेजारी म्हणतात, वास्तुदोष आहे.

"22 वर्षं गुलाम केलं" यात अर्धं खरं आहे. 1822 ते 1844 हैतीने अख्ख्या बेटावर राज्य केलं, ते गोड राज्य नव्हतं. चर्चच्या जमिनी घेतल्या, फ्रान्सच्या त्याच खंडणीसाठी पूर्वेकडच्यांवरही कर बसवला. म्हणून डोमिनिकन लोक 27 फेब्रुवारीचा स्वातंत्र्यदिन हैतीपासूनच्या सुटकेचा मानतात, आणि ती जखम खरी आहे. पण गुलाम? 1822 मध्ये हैतीच्या फौजा पूर्वेला पोचल्यावर जे पहिलं काम झालं ते तिथली गुलामगिरी रद्द करण्याचं.

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतेय. "1937 मध्ये एका कडक नेत्याने आठवडाभरात बंदोबस्त केला."

हे वाक्य नववीतली मुलगी स्टेजवर, हातवारे करून, म्हणणार होती.

ऑक्टोबर 1937. त्रुहियोच्या हुकमाने सैनिक सीमेलगतच्या गावांत शिरले. दाहाबोन, मोंते क्रिस्ती. तिथे राहणारी हैतीची माणसं काल-परवा आलेली नव्हती. कित्येक तिथेच जन्मलेली, शेती असलेली, शेजाऱ्यांशी सोयरीक झालेली. सांगतात, की सैनिक पार्सलीची (कोथिंबिरीसारखी भाजी) काडी पुढे धरून विचारायचे, हे काय? स्पॅनिशमध्ये पेरेहिल. हैतीची भाषा क्रिओल, ती बोलणाऱ्याच्या जिभेला तो 'र' जमत नाही. जमला नाही की मारलं. गोळ्या फारशा वापरल्या नाहीत. कोयते वापरले, म्हणजे नंतर म्हणता यावं, की शेतकरीच आपसांत भांडले. मेलेल्यांचा आकडा काही हजारांपासून वीस-तीस हजारांपर्यंत सांगितला जातो, नेमका कुणालाच कधी कळणार नाही. हैतीत त्या दिवसांना 'कुट कुटो' म्हणतात, सुरीचा घाव. नुकसानभरपाई ठरली साडेसात लाख डॉलर, ती पुढे सव्वापाच लाखांवर मिटवली, आणि मेलेल्यांच्या घरी त्यातलं फारसं काही पोचलं नाही. या कडक नेत्याची स्वतःची आजी हैतीच्या वंशाची होती, हे जाता जाता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अण्णा, तुम्हाला हे समजेल. त्या आठवड्यात हैतीच्या माणसांची एक जागा शाबूत राहिली. अमेरिकन कंपन्यांच्या उसाच्या फडांतल्या बातेय. तिथल्या मजुरांना हात लागला नाही. हंगाम जवळ आला होता.

भिंतीचं काय, ती 2022 पासून बांधताहेत. सीमा साधारण 390 किलोमीटर, भिंत काही भागात. 2024 मध्ये पावणेतीन लाखांवर लोकांना परत धाडलं, त्यांत एकच माणूस किती वेळा मोजला गेला देव जाणे. त्याच भिंतीच्या दारातून दाहाबोनचा सोमवार-शुक्रवारचा बाजार भरतो आणि डोमिनिकन अंडी, पीठ, सिमेंट पलीकडे जातं. 2022 मध्ये हैतीला गेलेला माल शंभर कोटी डॉलरच्या घरात होता. आणि डोमिनिकन लोक स्वतः? त्यांच्या वंशाची वीस लाखांवर माणसं अमेरिकेत आहेत. रात्री लाकडी होडीत बसून मोना सामुद्रधुनी ओलांडतात, अमेरिकेच्याच ताब्यातल्या पोर्तो रिकोला लागायला. ते गेले की कष्टाळू, हैतीवाला गेला की घुसखोर.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही. मोठं होतं, आणि आमच्या ग्रुपवर मोठं कुणी वाचत नाही. भाचीला फोन करून 1937 चं तेवढं सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मावशी, मग मी प्लास्टिकबंदीच घेते." घे म्हटलं.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला आणि वाचून दाखवलं. मध्ये दोनदा त्यांनी "हं" केलं. 1986 पाशी त्यांनी थांबवलं.

"म्हणजे उचल सरकारनेच घेतली?"

"हो."

"आणि करारावर अंगठा कुणाचा? तोडणाऱ्याचा की सरकारचा?"

मी म्हटलं, सरकारचा. तोडणाऱ्याला विचारलंच नसेल.

"मग पळून गेला तर वसुली कुणाकडून करायची?" अण्णांचा आवाज आता ऑफिसातला झाला होता. "आमच्याकडे मुकादम पळाला की टोळीच्या गाड्या अडवून ठेवायचे. बैल सोडून घ्यायचे. मी स्वतः दोनदा घेतलेत. पाटोद्याच्या एका माणसाचे. एक खिलार होता त्यात."

मी काही बोलले नाही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केल्याचं ऐकू आलं.

"तो फॉरवर्ड कसा काढतात गं ग्रुपवरनं?" त्यांनी विचारलं. सांगितलं, आठवडा झाला आता, सगळ्यांकडून नाही काढता येत.